ग्रामस्थ मंडळानं वाड्यांना छोटी अनुदानं कशी द्यावीत?

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावाचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ आहे. वर्षाला दहा लाखांपर्यंत जमतील असा अंदाज आहे आणि त्यातला काही पैसा परदेशात स्थायिक झालेल्या गावकऱ्यांकडून येईल. आजवर जमलेली रक्कम देऊळ आणि सभामंडपावर खर्च झाली. आता गावातल्या आणि शेजारच्या गावांतल्या वाड्या, बचत गट, शाळा यांना २५ हजार ते १ लाख रुपयांची मदत द्यायची आहे. सुरुवात कुठून करावी, आणि यात चुकतं काय?

लबाडीमुळे बुडालेली छोटी अनुदानं फार कमी असतात. बहुतेक वेळा पैसा भलत्या मोसमात पोचतो, भलत्या खात्यात पडतो, किंवा झालेलं काम नेमकं कोणाचं हेच ठरलेलं नसतं. तुमची नियमावली या तीन गोष्टींभोवती रचा. बाकीचे कागद जमेल तेवढे कमी ठेवा. पन्नास हजारांच्या मदतीसाठी वाडीतल्या माणसांकडून वीस पानांचा प्रस्ताव मागितला, तर प्रस्ताव लिहून देणाराच सगळ्यांवर भारी पडतो आणि ज्यांना खरी गरज आहे ते अर्जच करत नाहीत.

आधी मंडळाचं घर नीट करा. धर्मादाय कार्यालयात नोंदणी आहे का, आणि परिशिष्ट १ वर, म्हणजे तिथल्या नोंदीच्या उताऱ्यावर, आज विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत, हे सगळ्यात आधी पाहा. जुन्या मंडळांच्या परिशिष्टावर वारलेले विश्वस्त वर्षानुवर्षं तसेच असतात. निवडणूक होते, पेढे वाटले जातात, पण चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची कळवणी, दाखल करायचा राहतो. बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यावा लागतो. उशीर झाला असेल तर विलंबमाफीचा अर्ज जोडून द्या, पण द्याच, कारण बँक, आयकर खातं आणि उद्या एखादी कंपनी मदतीला आली तर तीसुद्धा हाच कागद मागते. मंडळाची नोंदणीच नसेल, तर लोकांकडून पैसे गोळा करण्याआधी ती करून घ्या. सोसायटीसाठी किमान सात सदस्य लागतात आणि महाराष्ट्रात तीच संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंदवली जाते.

नंतर मंडळाची घटना उघडा. उद्दिष्टांत शिक्षण, आरोग्य, पाणी, पर्यावरण, उपजीविका यांचा उल्लेख हवा. कार्यक्षेत्रात तुमच्या गावाचंच नाव असेल तर शेजारच्या गावात दिलेला पैसा लेखापरीक्षक उद्दिष्टाबाहेरचा ठरवू शकतो. शक्य असेल तर तालुका असा शब्द घालून घ्या. घटनेतला आणखी एक मुद्दा अडचणीचा ठरतो. मंडळ एका भावकीपुरतं किंवा एका ज्ञातीपुरतं असेल, तर सर्वसाधारणपणे ८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता, मिळत नाही. ८०जी घेतल्यावर धार्मिक कामावर वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. म्हणून देवळाचा पैसा आणि गावविकासाचा पैसा एकाच मंडळातून चालवायचा हट्ट धरू नका. देवस्थानासाठी वेगळी व्यवस्था आणि विकासनिधीसाठी वेगळी संस्था, हाच टिकणारा मार्ग आहे. गावात यावर वाद होईल. तो पैसा जमण्याआधी झालेला बरा.

आयकराची १२ए नोंदणी नसेल तर जमलेल्या निधीवर कर लागू शकतो, त्यामुळे ती आवश्यक धरा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत, तरी सनदी लेखापाल आणि देणगीदार अजून १२ए, ८०जी असंच म्हणतात. ८०जीचं आकर्षण मात्र आता पूर्वीइतकं राहिलेलं नाही. नवी करप्रणाली निवडलेल्या पगारदाराला ही वजावट मिळत नाही, आणि जुन्या प्रणालीतही २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही. त्यामुळे निव्वळ ‘कर वाचेल’ असं सांगून पैसे मागू नका. काम दाखवून मागा.

परदेशातल्या पैशाबाबत फार सावध राहा. इथे चांगल्या हेतूची माणसं अडकतात. दुबईत किंवा लंडनमध्ये राहणारा गावकरी भारतीय पासपोर्टधारक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ते विदेशी योगदान धरलं जात नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत आणि एक साधं निवेदन पावतीबरोबर फाइलला लावा. त्याच्या भावानं मात्र अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड) असूनही त्याची देणगी विदेशी योगदान ठरते. एफसीआरए म्हणजे विदेशी योगदान नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती घेणं हा कायद्याचा भंग आहे, रक्कम कितीही छोटी असो. ‘भावाच्या खात्यात टाकतो, तो तुम्हाला देईल’ हा उपाय तर अजिबात नको. एफसीआरए नोंदणी मिळवली तरी तुमचा प्रश्न सुटत नाही, कारण २०२० च्या दुरुस्तीनंतर विदेशी योगदान दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. अनुदान वाटणं हाच ज्या निधीचा हेतू आहे, त्याला तो पैसा उपयोगाचा नाही. परदेशी नागरिक झालेल्या गावकऱ्यांना पैशाऐवजी वेळ मागा. अर्ज वाचणं, नकाशे आणि अंदाजपत्रकं तपासणं, मुलांना दूरस्थ शिकवणं ही कामं ते मनापासून करतात.

आता अनुदान घेणाऱ्यांकडे वळू. ‘कोणाच्या खात्यात’ हा प्रश्न कामाइतकाच महत्त्वाचा आहे.

बचत गट हा सगळ्यात भरवशाचा भागीदार असतो. हिशेबाची सवय असते, दर महिन्याला बैठक होते, वही असते. पण गटाच्या नेहमीच्या बचत खात्यात अनुदान टाकू नका. बहुतेक गटांनी बँकेचं कर्ज घेतलेलं असतं. एखादा हप्ता थकला असेल तर बँक जमा झालेली रक्कम तिकडे वळती करते आणि तुमचं अनुदान कर्जफेडीत जातं. बायकांचा यात काही दोष नसतो, तरी गावात बदनामी त्यांचीच होते. ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, नावानं वेगळं खातं काढून घ्या, किंवा दुकानदाराला आणि पुरवठादाराला मंडळाच्या खात्यातून थेट पैसे द्या. गिरणी, मसाला कांडप, काजू फोडायची यंत्रं अशा खरेदीला थेट देणंच सोयीचं. बिल मंडळाच्या नावानं होतं आणि यंत्र कराराने गटाला वापरायला दिलं जातं. गट फुटला तर यंत्र कोणाकडे, या प्रश्नाचं उत्तरही त्या करारात आधीच असतं.

जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी शाळा व्यवस्थापन समिती हे योग्य खातं. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक असतात. एकट्या मुख्याध्यापकाशी व्यवहार ठरवू नका. बदली झाली की नवीन माणसाला कशाचीच माहिती नसते. वस्तू दिली तर ती शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत चढवून त्या पानाची प्रत घ्या. बांधकाम असेल तर जागा आणि इमारत जिल्हा परिषदेची आहे हे लक्षात ठेवून लेखी परवानगी आधी मिळवा. समितीचा ठराव त्यासाठी पुरत नाही.

ग्रामपंचायतीला शक्यतो रोख अनुदान देऊ नका. तिच्याकडून ठराव, जागा आणि देखभालीची हमी घ्या. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा मागून वाचा. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला असतो आणि स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं तिला बंधनकारक असतं. जे काम आराखड्यात आधीच आहे त्यावर मंडळाचे पैसे घालणं म्हणजे पंचायतीची जबाबदारी आपल्या अंगावर घेणं. ज्या कामाचं एखादं टोक राहून गेलंय, ते शोधा. टाकी झाली पण शेवटच्या आठ घरांपर्यंत पाइप नाही, अंगणवाडी झाली पण बाहेर हात धुवायची जागा नाही, अशा ठिकाणी ४० हजारांनी बरंच काही होतं.

जागा हे कोकणातलं सर्वांत मोठं दुखणं आहे. सातबाऱ्यावर पंधरा-वीस सामायिक खातेदार, त्यातले निम्मे मुंबईत आणि दोघांचा वारसतपास झालेला नाही, हे नेहमीचं चित्र. एका हिस्सेदारानं स्टँपपेपरवर संमती लिहून दिली म्हणजे जागा सार्वजनिक झाली असं नाही. विहीर किंवा टाकी झाल्यावर दुसरा हिस्सेदार येऊन कुलूप लावतो. तेव्हा खासगी जागेवर कायमचं बांधकाम असेल तर ग्रामपंचायतीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र हवं. तेवढं जमत नसेल तर हलवता येणारं काम निवडा. गायरानावर बांधकाम नको, ते अतिक्रमणात निघू शकतं. विहीर किंवा बोअर असेल तर सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय खोदता येत नाही, आणि जागा ठरवताना भूजल सर्वेक्षण विभागाचा सल्ला घ्या. पाणाड्यानं नारळ फिरवून दाखवलेल्या जागेवर अनुदान देऊ नका.

अर्ज दोन पानांचा पुरे. काय करायचं आणि कोणासाठी, किती घरं, जागा कोणाची, खर्च कशावर किती, वाडी स्वतः काय घालणार, झाल्यावर देखभाल कोण करणार आणि तिचे पैसे कुठून येणार, सह्या करणारी तीन माणसं कोण. तिघांत किमान एक बाई असावी आणि तिघं एका घरातली नसावीत. शेवटचा प्रश्न असा विचारा: मंडळानं मागितलेल्या रकमेच्या निम्मेच पैसे दिले तर कामाचा कोणता भाग कराल? ज्यांनी कामाचा नीट विचार केलाय ते चटकन सांगतात. ज्यांना फक्त अनुदान हवंय त्यांचं उत्तर ‘मग काहीच होणार नाही’ असं येतं.

अंदाजपत्रक वाचायला शिका. शाळेच्या छपरावरचं पाणी साठवण्याचं काम घेऊ. १०० चौरस मीटर छप्पर, ३,००० मिलिमीटर पाऊस आणि ८० टक्के हाती लागतं असं धरलं तरी पावसाळ्यात २ लाख ४० हजार लिटर वाहून जातं. हा आकडा अर्जात मोठ्या अक्षरात येतो आणि त्यावरून ५० हजार लिटरची काँक्रीट टाकी मागितली जाते. खरी गरज मार्च ते मेच्या आरंभापर्यंतची. ४० मुलं, दिवसाला ५ लिटर, शाळेचे ५० दिवस, म्हणजे १० हजार लिटर. ५,००० लिटरच्या दोन प्लास्टिक टाक्या, चिऱ्याचा पक्का चौथरा, पन्हळी आणि पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडणारा जोड एवढ्यात ते भागतं, आणि हे सगळं लाखाच्या आसपास बसतं. पहिल्या दोन मिलिमीटर पावसाचं २०० लिटर पाणी टाकून द्यावंच लागतं, कारण कौलांवरची धूळ, पालापाचोळा आणि पक्ष्यांची घाण त्यात उतरते. या जोडाला अंदाजपत्रकात बहुधा विसरतात आणि मग मुलं ते पाणी पीत नाहीत. टाकी मात्र सप्टेंबरअखेर शिगोशीग भरून झाकण बंद करायची आणि मार्चपर्यंत हात लावायचा नाही, हे शाळेनं लिहून द्यावं.

बंधाऱ्याचंही तसंच असतं. वाडी पक्का बंधारा मागते, पण बऱ्याच वेळा मातीनं भरलेल्या पिशव्यांचा, म्हणजे वनराई बंधारा पुरतो. आठ मीटर लांब, एक मीटर उंच, तळाशी दीड मीटर आणि माथ्यावर ६० सेंटिमीटर रुंद बंधाऱ्याला सिमेंटच्या सुमारे ३०० रिकाम्या पिशव्या लागतात. पिशवी पाऊणच भरायची, तोंड शिवायचं आणि विटांसारखे सांधे मोडत थर लावायचे. गच्च भरलेल्या पिशव्या एकमेकींवर बसत नाहीत आणि फटींतून पाणी निघून जातं. मध्ये चिकण मातीचा गाभा घातला तर पाणी थांबतं. यात पैसा थोडा आणि माणसं जास्त लागतात. पाऊस ओसरल्यावर प्रवाह बारीक झाला की लगेच, ऑक्टोबर-नोव्हेंबरात काम व्हायला हवं. जानेवारीत अनुदान मंजूर झालं तर अडवायला पाणीच उरलेलं नसतं. मेअखेर पिशव्या काढून घ्यायची जबाबदारीही अर्जात लिहून घ्या, नाहीतर त्या फाटून पऱ्ह्याला आणि खाडीला जातात.

इथून मोसमाचा मुद्दा येतो. आर्थिक वर्ष धरून वेळापत्रक आखू नका. चाकरमानी गावात असतात ते गणपतीत आणि शिमग्याला, तेव्हा मंडळाचं वर्ष त्यावर बसवा. गणपतीत वाड्यांमध्ये बैठका घ्या आणि अर्ज समजावून सांगा. अर्ज गौरी-गणपती विसर्जनानंतर पंधरा दिवसांत घ्या. पिशव्यांचे बंधारे, बियाणं, रोपवाटिका अशा वेळेशी बांधलेल्या २५ हजारांपर्यंतच्या कामांना समितीनं आठवड्यात मंजुरी द्यावी. बाकीच्यांची जागा पाहून दिवाळीपर्यंत निर्णय घ्या. बांधकामं नोव्हेंबर ते एप्रिल. शिमग्याला गावात आल्यावर मंडळानं प्रत्येक काम डोळ्यांनी पाहावं. मेचा महिना राखीव ठेवा, कारण गवंडी आंब्याच्या हंगामात मिळत नाहीत आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्धवट चौथरे भिजतात.

१० लाखांची वाटणी करायची तर पहिल्या वर्षी साडेसात-आठ लाखांचीच अनुदानं द्या. ८० हजार ते १ लाख दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. गावोगावची कामं बंद पडतात ती दोन-तीन हजारांच्या वॉशर, फूटवाल्व्ह किंवा स्टार्टरपायी, आणि देणगीदारांना दुरुस्तीसाठी पैसे मागायला सगळे लाजतात. उरलेल्यातून प्रवास, लेखापरीक्षण, छपाई असे खर्च भागवा. ‘आमचा व्यवस्थापन खर्च शून्य’ असं मिरवू नका. जागेवर जाऊन पाहण्याचा खर्च टाळला की नंतर त्याच्या कितीतरी पट रक्कम वाया जाते.

हप्ते ठरवताना समोरच्याकडे खेळतं भांडवल नाही हे धरून चला. आधी खर्च करा, मग बिलं आणा, असं म्हटलं तर वाडी सावकाराकडे किंवा पुढाऱ्याकडे जाते. ६० टक्के सुरुवातीला, ३० टक्के निम्मं काम पाहून, १० टक्के हिशेब आल्यावर. वाडीचा वाटा रोख १० टक्के धरा, पण तो किती घरांकडून आला ते पाहा. तीस घरांनी दिलेले दोन-दोनशे रुपये एका गाववाल्या उद्योजकाच्या सहा हजारांपेक्षा कितीतरी मोलाचे, कारण नंतर नळ गळायला लागला की ती तीस घरं बोलतात. श्रमदान हजेरीपटावर सह्यांनिशी घ्या आणि रोजगार हमीच्या चालू दरानं त्याची किंमत लावा.

बिलांचा प्रश्न हमखास येतो. सिमेंट, पाइप, टाकी यांचं जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि अंदाजपत्रकात कर धरा, मंडळाला तो परत मिळत नाही. चिरा, खडी, वाळू देणारा बिल देत नाही. तिथे व्हाउचर करा: नाव, गाव, माल, नग किंवा ब्रास, दर, सही आणि रक्कम ५ हजारांवर असेल तर रेव्हेन्यू तिकीट. वाळूच्या वाहतूक परवान्याची प्रत नसेल तर ती वाळू घेऊ नका. एका माणसाला एका दिवसात १० हजारांवर रोख दिली तर तो खर्च आयकरात नाकारला जातो, म्हणून गवंडी आणि जेसीबीवाला यांना खात्यातच पैसे द्या. ठेकेदाराचं एक बिल ३० हजारांवर गेलं तर टीडीएस कापावा लागतो. लेखापालाला हे काम सुरू होण्याआधी विचारा, मार्चअखेर नाही. जेसीबीचे तास मशीनच्या मीटरवरून लिहा, सुरू करतानाचा आणि बंद करतानाचा आकडा फोटोसकट.

अहवालात प्रत्येक कामाचे चार फोटो एकाच जागेवरून काढलेले हवेत: आधी, मध्ये, झाल्यावर आणि सहा महिन्यांनी. सहा महिन्यांनंतरचा फोटो मिळाल्याशिवाय त्याच वाडीला दुसरं अनुदान देऊ नका. झालेला खर्च वाडीतल्या फलकावर रकमेनिशी लिहा. देणगीदाराचं नाव लहान अक्षरात आणि देखभाल करणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात असावं. नळ बंद पडला की लोकांना फलकावर तेच नाव शोधायचं असतं.

निवड समितीत पाच माणसं ठेवा: मुंबईतली दोन, गावातली दोन आणि तालुक्यातलं पण गावाबाहेरचं एक, उदाहरणार्थ निवृत्त शिक्षक किंवा अभियंता. आपल्या वाडीचा अर्ज आला की त्या सदस्यानं बैठकीतून उठायचं आणि तशी नोंद इतिवृत्तात करायची. नाकारलेल्या अर्जाला कारण लेखी कळवा, दोन ओळींत. दर वर्षी प्रत्येक वाडीला थोडं थोडं असं वाटप करू नका, त्यात कोणतंच काम पुरं होत नाही. पण जी वाडी अर्जच करत नाही तिच्याकडे एकदा स्वतःहून जा. बहुतेक ठिकाणी ती गावाच्या टोकाची, धनगरवाडी, कातकरवाडी किंवा बौद्धवाडी असते आणि अर्जाची सूचना तिथे पोचलेलीच नसते. तिथे अर्ज तोंडी घ्या, मंडळाच्या माणसानं लिहून वाचून दाखवावा आणि मग सह्या-अंगठे घ्यावेत.

पहिल्या वर्षी आठ-दहा अनुदानं पुरे. त्यातली दोन-तीन रखडतील. रखडलेल्या कामाचा उरलेला पैसा परत मागण्याआधी जागेवर जाऊन कारण पाहा. गवंडी पळाला असेल तर मुदत वाढवा, जागेचा वाद निघाला असेल तर काम थांबवून साहित्याची यादी करा आणि ते दुसऱ्या मंजूर कामाला हलवा. पैसे दुसरीकडे खर्च झाले असतील तर तिन्ही सह्या करणाऱ्यांना लेखी पत्र, परतफेडीचे हप्ते आणि फेड होईपर्यंत त्या तिघांना नवीन अर्जावर सही करायला मनाई. वाडीला शिक्षा नको. पुढच्या गणपतीत त्याच वाडीतल्या वेगळ्या तीन माणसांचा अर्ज आला तर तो इतरांसारखाच वाचा.